रविवारी गड आणि सापुतारा: एका दिवसात दोन डोंगर बसवताना

पार्श्वभूमी

नाशिकच्या इंदिरानगर भागातलं कुटुंब. आजोबा ७७ वर्षांचे, आजी ७२ वर्षांची, मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. श्रावणात आजींची धाकटी बहीण पुण्याहून आली. घरात सगळे तिला मावशी म्हणतात. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील थोडे बदलले आहेत, वेळा आणि अंतरं तशीच ठेवली आहेत.

शनिवारी पाहुण्यांना रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा दाखवून झाली. रविवार मोकळा होता. मावशींना सप्तशृंगी गडावर जायचं होतं, मुलांना सापुताऱ्याला, म्हणजे गुजरातच्या हद्दीतल्या थंड हवेच्या ठिकाणी. नकाशात पाहिलं तर दोन्ही ठिकाणं नाशिकच्या उत्तरेला, दिंडोरीवरून वणीकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर. गड साधारण ६० ते ६५ किलोमीटर, सापुतारा सुमारे ८०. मुलगा म्हणाला, "गड वाटेतच आहे, दर्शन घेऊन पुढे जाऊ."

हे 'वाटेतच' बरोबर नाही. वणीहून सापुताऱ्याचा रस्ता वेगळा आणि नांदुरीचा वेगळा. नांदुरीहून गडावर सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढायचा, तेवढाच उतरायचा, पुन्हा वणीला यायचं आणि मग बोरगाव, हतगड करत सापुतारा गाठायचा. गड म्हणजे त्या रस्त्याला फुटलेला, जाऊन परत येण्याचा फाटा आहे. वणीहून गाडी वळवून पुन्हा वणीला येईपर्यंत निव्वळ गाडी चालवण्यातच पावणेदोन तास जातात, दर्शन वेगळं.

अडचण नेमकी कुठे होती

अंतर पाहून बेत ठरला, तास मोजले नव्हते. शनिवारी रात्री आजोबांनी कागद घेऊन उलटा हिशोब मांडला, आणि या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम तेच ठरलं.

ऑगस्टमध्ये सातच्या सुमाराला अंधार पडतो. हतगड ते वणी हा वळणांचा पट्टा उजेडात संपवायचा, म्हणजे सव्वासहाला वणीत हवं. त्यासाठी सापुतारा पाचला सोडायचा. तिथे जेवण, तलाव आणि एखादा पॉइंट यांना किमान अडीच तास, म्हणजे अडीचला पोहोचायचं. वणी ते सापुतारा एरवी तास-सव्वा तास, पण श्रावणातल्या रविवारी सुरतेकडूनही गर्दी येते, म्हणून पावणेदोन तास धरले. मग वणी पाऊण वाजता सोडायला हवं, आणि गडावरून गाडी पावणेबाराला हलायला हवी.

सहाला निघालो तर सव्वाआठला गडावर, म्हणजे दर्शनाला साडेतीन तास. कागदावर भरपूर वेळ दिसत होता.

उजेडाचा आग्रह अनाठायी नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सापुताऱ्याजवळ भाविकांची खासगी बस दरीत कोसळली ती पहाटेच्या अंधारात. उजेड असला की निर्धास्त, असंही नाही: जुलै २०२३ मध्ये गडाच्या घाटात एसटी दरीत गेली ती सकाळी, पावसाळ्यात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय फक्त गडाचा, आणि तोही एसटीने. महामंडळाच्या गाडीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, महिलांनाही मार्च २०२३ पासून अर्धं. सात जणांत पूर्ण तिकीट फक्त मुलाला लागलं असतं. पण गाडी बदलणं, स्टँडवरची गर्दी आणि आजोबांचे गुडघे पाहून हा पर्याय मागे पडला. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, त्यामुळे सापुताऱ्याच्या बेतात तिचा पूर्ण फायदा मिळाला नसता.

दुसरा, फक्त सापुतारा. मावशी सोमवारी परत जाणार होत्या, आणि "देवीच्या दारावरून पुढे जायचं?" असं आजी म्हणाल्या. विषय संपला.

तिसरा, सापुताऱ्यात एक रात्र मुक्काम. मुलांची सोमवारची शाळा आणि मावशींचं तिकीट आड आलं.

चौथा, आधी सापुतारा आणि परतताना गड. मुलांना हा आवडला. पण दुपारनंतर गडावर दर्शनाची रांग किती लागेल याचा भरवसा नाही, आणि उशीर झाला तर नांदुरीचा घाट अंधारात उतरावा लागतो.

पाचवा, आधी गड, आणि वेळ जमली तरच सापुतारा. हाच ठरला. अट: गडावरून पावणेबारा.

गाडी, परमिट आणि दोन बाटल्या

आधी सात आसनी एर्टिगा बोलावली होती. सात आसनं चालकासकट मोजतात, म्हणजे प्रवासी सहा. सातव्याला, म्हणजे नातवाला, मांडीवर घेऊ असं ठरत होतं. घाटात अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही; शिवाय आसनांपेक्षा जास्त माणसं बसवली तर दंडही होतो. त्या गाडीत सीएनजीची टाकी असल्यामुळे मागे छत्र्या, पाणी आणि डबे ठेवायलाही जागा नव्हती.

दुसरा मुद्दा चालकाने स्वतःहून काढला: "सापुतारा गुजरातमध्ये येतं साहेब, माझ्या गाडीला महाराष्ट्राचंच परमिट आहे." पिवळ्या पाटीच्या प्रत्येक गाडीला सगळी राज्यं मोकळी नसतात. अखिल भारतीय पर्यटक परमिट असलं तर वेगळा कर लागत नाही. नसलं तर दुसऱ्या राज्याचा कर आणि तात्पुरतं परमिट ऑनलाइन काढावं लागतं. सापुतारा आपलाच वाटतो म्हणून हे विचारायचं राहून जातं. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी भाड्याने घेणं हा मार्गच नव्हे. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो.

शेवटी चालक धरून आठ आसनी, अखिल भारतीय परमिटची इनोव्हा घेतली. भाव १८ रुपये किलोमीटर, किमान २५० किलोमीटर, चालकाचा भत्ता ५००. प्रत्यक्ष धाव दोनशेच्या आत राहिली तरी पैसे २५० किलोमीटरचेच द्यायचे होते.

सामान भरताना मावशींच्या पिशवीत वाइनच्या दोन बाटल्या निघाल्या, पुण्याला भेट न्यायच्या. नाशिककरांना यात काही वावगं वाटत नाही. पण गुजरातेत दारूबंदी आहे, वाइनही तिच्यात येते, आणि परवान्याशिवाय बाटली सापडली तर गुन्हा नोंदतो, गाडीही अडकू शकते. सीलबंद आहे, पावती आहे, भेट द्यायची आहे, यातलं काहीही कामाला येत नाही. बाटल्या घरीच राहिल्या. नाशिकहून सापुताऱ्याला निघणाऱ्या प्रत्येकाने डिकी एकदा बघूनच घ्यावी.

प्रत्यक्ष काय घडलं

सहाचे सहा पन्नास झाले. बायकांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे उशीर झाला तो मुलगा छत्र्या शोधत बसल्यामुळे आणि गाडीतल्या जागांवरून झालेल्या वादामुळे. मुलांना शेवटची रांग दिली. हे चुकलं. मागच्या चाकांच्याही मागे बसलेल्याला वळणावर सगळ्यात जास्त झोका बसतो आणि पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून गाडी लागते. गाडी लागणाऱ्या मुलाला मधल्या रांगेत बसवावं, समोरचा रस्ता दिसेल असं, आणि मोबाइल हातात देऊ नये. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा ते एक तास द्यायची. घाट लागल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही.

दिंडोरी रोडला मिसळीसाठी ३५ मिनिटं गेली. सगळे जेवले, आजी सोडून. दर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. मात्र मधुमेहाची सकाळची गोळी त्यांनी सहाला, चहा आणि दोन बिस्किटांवर घेतली होती. गोळी ग्लिमेपिराइड होती, आणि ती खाल्लं नाही तरी साखर खाली आणते.

नऊ चाळीसला गाडी गडावर. पायऱ्यांच्या पायथ्याच्या गावात गाडी लावून, चपला ठेवून, ट्रॉलीची तिकिटं काढेपर्यंत दहा. गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांची सोय झाली. ट्रॉली स्वतः दोन-चार मिनिटांत वर जाते. पण दोरखंडाला बांधलेला एक डबा वर जाताना दुसरा खाली येतो, त्यामुळे एका फेरीत ठरावीकच माणसं जातात. गर्दी दुप्पट झाली की रांगही दुप्पट होते, आणि खाली यायला तीच रांग पुन्हा. 'ट्रॉलीने पाच मिनिटांत' हा हिशोब रविवारी चालत नाही.

रांगेत आजींना घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. मावशींनी ओळखलं. पर्समधली साखर तीन चमचे पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटं बसवलं, मग नातीच्या पिशवीतली बिस्किटं आणि केळं. आजी 'नेम मोडला' म्हणत होत्या, आजोबा म्हणाले, "आईला कळतं." त्यावर काही बोलणं झालं नाही.

दर्शन होऊन ट्रॉलीने खाली येईस्तोवर सव्वाबारा. माकडांनी प्रसादाची पिशवी नेली, नवीन घेतली, स्वच्छतागृह झालं, आणि गाडी हलली बारा चाळीसला. ठरल्यापेक्षा पंचावन्न मिनिटं उशीर.

पहिला निर्णय: मोडलेली वेळ

अटीप्रमाणे सापुतारा इथेच रद्द व्हायला हवा होता. झाला नाही. मुलं गप्प बसली होती, मावशी संकोचून "माझ्यामुळे मुलांचं राहिलं" म्हणाल्या, आणि मुलगा म्हणाला, "तासाभराचाच तर प्रश्न आहे." गाडी वणीला आली, तिथे जेवण, आणि वणी सोडली दोन वीसला. म्हणजे उशीर पंचावन्न मिनिटांवरून पंचाण्णववर गेला. सापुताऱ्यात पोहोचायला चार वाजले असते, पाचला निघायचं. एका तासासाठी घाट चढायचा, आणि तोही गाडी लावायला जागा मिळाली तर.

वेळ मोडली कारण ती फक्त मुलाच्या आणि आजोबांच्या डोक्यात होती. मुलांना 'आपण सापुताऱ्याला चाललोय' एवढंच सांगितलं होतं, चालकाला तर काहीच नाही. सोडून द्यायची वेळ ज्यांचा हिरमोड होणार त्यांना आधी सांगितली नसेल, तर ती पाळणारा माणूस वाईट ठरतो, आणि घरात वाईट ठरायला कुणी तयार नसतं.

आजींच्या बाजूनेही पुढे जाणं धोक्याचं होतं. या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली म्हणजे संपलं असं नाही. गोळीचा असर टिकेपर्यंत ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. अशा दिवशी दवाखान्यापासून लांब जाण्यापेक्षा जवळ येणं बरं. निदान जेवण झाल्यावर तासाभराने साखर मोजायला हवी होती, पण ग्लुकोमीटर घरी होता.

दुसरा निर्णय: पाळलेली वेळ

वणी सोडताना चालकाने गाडी सुरू केली नाही. आरशातून आजोबांकडे बघून म्हणाला, "बाबा, साडेतीनला जिथं असू तिथनं मागं. कबूल?" आजोबांनी मुलांकडे वळून त्यांनाही विचारलं. नातीने होकार दिला, नातवाने हतगडला कणीस मागितलं.

तीनला बोरगाव, त्यानंतर धुकं. चालकाने हेडलाइट खालच्या झोतावर घेतले. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावले नाहीत, कारण मग वळण्याचा इशारा मागच्याला कळत नाही आणि गाडी उभी आहे असा समज होतो. काच आतून धुरकटली तेव्हा एसी चालू करून हवा काचेवर सोडली; फडक्याने पुसलं तर दोन मिनिटांत पुन्हा धुरकटते.

सव्वातीनला हतगड. गावाच्या पुढे गाड्यांची रांग. चढणाऱ्या गाड्यांनी दुसरी रांग लावली होती, त्यामुळे उतरणाऱ्या बसला वाट नव्हती, आणि बस हलत नाही तोवर चढणारेही हलत नव्हते. साडेतीनपर्यंत इनोव्हा शंभर-दीडशे मीटर सरकली असेल. सापुतारा तिथून पाच-सहा किलोमीटरवर.

मागे फिरायचं ते तिथूनच, आणि ते चालकाला माहीत होतं. गाव सोडून घाटाच्या वळणांत शिरलं की गाडी वळवायला सुरक्षित जागा मिळत नाही. धुक्यात वळणावर आडवी घातलेली गाडी वरून येणाऱ्याला दिसतच नाही. त्यामुळे 'अजून थोडं पुढे जाऊन बघू' हा पर्याय खरं तर नव्हताच. शिवाय चढावर थांबत-सरकत जाताना अर्ध्या क्लचवर गाडी धरली की क्लच जळतो. तीन पस्तीसला गाडी वळली.

हतगडला अर्धा-पाऊण तास थांबले. चहा झाला, कणसं झाली, ढग रस्त्यावर उतरले होते ते मुलांनी पाहिलं. फोनची रेंज येत-जात होती, त्यामुळे पैसे सुट्या नोटांत दिले. परतीला नातवाने एकदा उलटी केली, शेवटच्या रांगेतच. सव्वापाचला वणी, सात वाजायला पाच मिनिटं असताना घर. रात्री आजींची साखर मोजली, ठीक होती. बिल ५,००० रुपये आणि गाडी लावण्याचे किरकोळ.

वेगळं काय करता आलं असतं

आजींची गोळी. मोठ्या सहलीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना एवढंच विचारायचं: जेवण उशिरा होणार आहे, गोळी कधी घेऊ? नेम असेल तर तोही सांगायचा. गोळी मनाने बंद करायची नाही आणि उपाशीपोटी घ्यायचीही नाही. बरोबर साखर, ग्लुकोमीटर आणि आठ तासांचं खाणं. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

निघण्याची वेळ. साडेसहाच्या आत नाशिक सोडलं असतं आणि न्याहारी डब्यात घेतली असती, तर पाऊण तास वाचला असता. पण म्हणून पावणेबारा पाळता आलं असतं का? जेमतेम. ट्रॉली आणि दर्शनाच्या दोन्ही रांगा मिळून दीड-पावणेदोन तास गेले, ते आपल्या हातात नव्हते. म्हणूनच उशीर फक्त सकाळच्या पन्नास मिनिटांवर ढकलणं मला पटत नाही. श्रावणातल्या रविवारी हा बेत सहाला निघूनही तंगच होता.

हतगड. सापुताऱ्याच्या अलीकडे, महाराष्ट्रातच, किल्ल्याच्या पायथ्याचं हे गाव पहिल्यापासून शेवटचं ठिकाण धरलं असतं तर कुणाचाच हिरमोड झाला नसता. पावसाळ्यात लोक सापुताऱ्याला जातात ते ढगांसाठी, आणि ढग हतगडलाही तेच. तलावातली नौका आणि रोपवे मात्र तिथे नाहीत. मुलांना नेमकं काय हवंय हे आधी विचारायला हवं होतं. नातवाला कणीस हवं होतं, नातीला रोपवे.

वार. गड आणि सापुतारा एकत्र करायचेच असतील तर आठवड्यातला मधला दिवस, तोही नवरात्र आणि चैत्रोत्सव सोडून. त्या काळात खासगी गाड्या नांदुरीला थांबवून पुढे एसटीने सोडतात, मग सगळे हिशोब बदलतात.

वेळेची राखण. हे काम चालकाला देणं सगळ्यात सोपं पडतं. त्याला रस्ता माहीत असतो आणि नातवंडांचा रुसवा त्याच्यावर येत नाही. अट एकच: त्याने मागे म्हटलं की वाद घालायचा नाही, आणि जादा भाडं द्यावं लागेल म्हणून त्याला घाई करायची नाही.

पुढे

मुलांचा सापुतारा जानेवारीत ठरला आहे, बुधवारी, फक्त सापुतारा. मकरसंक्रांतीचा आठवडा टाळला, कारण उत्तरायणाच्या सुट्टीत गुजरातेतून गर्दी येते. तेव्हा धुक्याचा त्रास कमी असतो, बोरगाव-हतगडच्या रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी असते, पण दिवस लहान: सहाच्या सुमाराला मावळतं, म्हणून सापुतारा चारला सोडायचा. ही वेळ या खेपेस नातीने स्वतः लिहून फ्रिजवर लावली आहे. नातू मधल्या रांगेत.